लेवुकाकडून होकार

( + ) म्हणजे नवं जोडलं जाईल. ( − ) म्हणजे काढून टाकलं जाईल. ( ~ ) म्हणजे आहे तेच बदललं जाईल.

कामाला हात घालण्याआधी कचेरीतलं ते नवं संगणकी साधन असा पाढा वाचून दाखवतं आणि शेवटी विचारतं, करू का? आपण ‘हो’ टंकायचं. त्यापुढे आपलं काही काम नाही.

उनाइसीने त्या बुधवारी सकाळी पाढा वाचला. फिजीच्या बेटाबेटांवरच्या सर्व्हरांच्या नऊ जोडण्या, सगळ्या जुन्या, हाताने बांधलेल्या. साधन त्या काढणार होतं आणि फाइलीत लिहिलंय तशा नव्याने बांधणार होतं. आठ ठिकाणी दोन्ही टोकं सुवाच्या या कचेरीच्याच ताब्यात होती, तिथे प्रश्न नव्हता. नववी लेवुकाची. पलीकडचं टोक मासळी सहकारी संस्थेचं, आणि तिथे पेनियासी.

‘त्याला फोन करते मग,’ असं मनाशी म्हणत तिने ‘हो’ टंकलं, आणि चहाच्या कपाकडे हात लांबवला.

( − )

पूर्वी फोन आधी असायचा.

या कचेरीचं कामच ते. बेटांवरच्या सहकारी संस्थांचे सर्व्हर त्यांच्या त्यांच्या खोल्यांत, बाहेरच्या कुणाचा पाय लागू नये असे. एका खोलीतून दुसरीत जायचं तर जोडणी लागते. एकाने विनंती पाठवायची, दुसऱ्याने होकार द्यायचा. होकार येईपर्यंत विनंती आपली दारात उभी.

उनाइसी नोकरीला लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि पहिल्याच आठवड्यात तिला लेवुकाची जोडणी बांधायला सांगितली गेली. घाबरत घाबरत तिने फोन लावला. विनंती पाठवतेय, कृपया होकार द्यावा, असं काहीतरी पुस्तकी बोलली. पलीकडून एक जाड आवाज म्हणाला,

“दारात कोण आहे?”

“मी... सुवाहून. उनाइसी.”

“कुठली उनाइसी? सुवात उनाइशा पोत्याने मिळतात.”

तिने गाव सांगितलं, आईचं गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. तो हूं हूं करत राहिला आणि मग एकदम खूश झाला. “अगं, मग तू माझ्या मामाच्या घरातली! तावाले निघालीस की!”

झालं. आतेमामे भावंडं निघाली म्हणजे एकमेकांची यथेच्छ टिंगल करायचा परवानाच मिळाला. त्या दिवसापासून पुढे सतरा वर्षं हेच.

“हातात काय आणलंयस, तावाले? गावात रिकाम्या हाताने शिरतात का?”

“यंगोनाची मुळी आणलीय. चांगली कान्दावू बेटावरची.”

“वास येत नाही.”

“तुझं नाक मासळीने मेलंय. त्यात माझा काय दोष?”

मग तो फोन टेबलावर ठेवायचा. गावात येणाऱ्या पाहुण्याने पुढे ठेवलेली ही पेयाची मुळी स्वीकारताना वाजवतात तशा, तळवे पोकळ करून, टाळ्या वाजवायचा. खोल, सावकाश, घागरीत बोलल्यासारख्या. आणि तेवढ्याच गांभीर्याने कळ दाबायचा. इकडे उनाइसीच्या पडद्यावर लेवुका हिरवं व्हायचं.

पहिल्यांदा तिला हसू आवरलं नव्हतं. नंतर नंतर ती हसायची नाही. टाळ्या वाजत असेपर्यंत तिची बोटं कळपाटीवरून उचललेली असायची.

( − )

दोघं एकदाच फसले. पेनियासी जेवायला बसला होता, विनंती आली, तावालेचीच असणार म्हणून त्याने घास हातात धरूनच होकार दिला. ती कुणा भलत्याचीच होती. दुसऱ्या दिवशी लेवुकाच्या बर्फखान्यातल्या छपाईयंत्रातून नाडी शहरातल्या एका हॉटेलची धुण्याची बिलं बाहेर पडायला लागली. चादरी इतक्या, उशांचे अभ्रे इतके. मजूर बायका ती मोठ्याने वाचून हसत होत्या. पेनियासी म्हणे दोन दिवस त्यांच्यासमोरून गेला नाही.

तेव्हा दोघांनी ठरवलं. आवाज नाही, तर होकार नाही. विनंतीवर कुणाचंही नाव असो, आधी फोनवर माणूस बोलला पाहिजे. न बोलता आलेला पाहुणा दारातूनच परत.

( ~ )

कप ओठाला लागण्याआधीच पडद्यावर आठ ओळी हिरव्या झाल्या. नववी थोडा वेळ पिवळी राहिली. मग लाल.

लेवुका: विनंती नाकारली.

उनाइसीने कप खाली ठेवला. ‘हो’ म्हटल्यानंतर फोन करायला सवड असेल, हे तिने गृहीत धरलं होतं. सतरा वर्षांची सवय; तिच्या डोक्यात विनंती म्हणजे आपण पाठवू तेव्हा जाणारी. साधनाने ती त्याच श्वासात पाठवली होती. जुनी जोडणी मोडून झाली होती, नवी दारातून परत आली होती.

शाल्विन शेजारच्या टेबलावरून उठून आला. तो विभागाचा प्रमुख, वयाने तिच्यापेक्षा लहान. सगळं नेटवर्क फाइलींत लिहून काढायचं काम त्याने दोन वर्षं खपून केलं होतं. तिला आंटी म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा.

“आंटी, लेवुका लाल का? साधन चुकलं?”

“साधन नाही चुकलं. ते सांगितलं तेच करतं.”

“मग?”

“मग माणूस रागावलाय.”

शाल्विनने घड्याळाकडे पाहिलं. त्याचं काही चूक नव्हतं. लेवुकाच्या शीतगृहातला टूना दुपारच्या मालवाहू बार्जवर चढायचा होता. खालच्या मजल्यावर खरेदीदाराचा तपासनीस बसला होता. शीतगृहाचं तापमान त्याला इथल्या पडद्यावर दिसलं की तो शिक्का देतो. जोडणी नाही तर तापमान नाही, तापमान नाही तर शिक्का नाही. बार्ज रिकामी निघाली तर पुढच्या आठवड्यापर्यंत परत येत नाही, आणि तो टूना काही कंपनीचा नव्हता. तो लेवुका ज्या बेटावर आहे त्या ओवालाऊच्या किनाऱ्यावरच्या घराघरांचा होता.

उनाइसीने पेनियासीचा मोबाइल लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग काट्यावरच्या खोलीतला फोन लावला. तिथे सेरा असते, वजन करणारी, जिभेची तिखट.

“पेनियासी? तो आत बर्फ फोडतोय.”

“बर्फ? त्याचं काम आहे का ते?”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, सुवाहून फोन आला तर सांग, त्यांच्या पत्रात लिहिलंय, आपल्या बाजूने काही करण्याची गरज नाही. म्हणून दुसरं काहीतरी करतोय.”

उनाइसीने डोळे मिटले. पत्र सगळ्या बेटांना गेलं होतं, गेल्या आठवड्यात. यापुढे होकार आपोआप दिला जाईल, आपल्या बाजूने काही करण्याची गरज नाही. तिने ते वाचलं होतं. नीट लिहिलंय म्हणून वर अंगठाही दाखवला होता.

“एक वाट आहे,” शाल्विन हळूच म्हणाला. “संस्थेने आपल्याला वरची किल्ली दिलेली आहे, अडचणीला. त्यांच्या बाजूने आपणच होकार देऊ शकतो. दोन मिनिटांचं काम. नंतर त्याला समजावता येईल.”

किल्ली होती, हे खरं. नियमातही बसत होतं. उनाइसीने ती खिडकी उघडलीसुद्धा. लेवुकाची खोली पडद्यावर दिसली, जशी पेनियासीला दिसते तशी: डावीकडे शीतगृहाची यंत्रं, उजवीकडे दार, दारात तिचीच नाकारलेली विनंती, अजून तिथेच उभी. सतरा वर्षांत तिने ही खोली कधी आतून पाहिली नव्हती.

तिने खिडकी बंद केली.

“आंटी, बार्ज?”

“बार्ज निघायच्या आत होईल. नाही झालं तर खापर माझ्या डोक्यावर फोड.” मग फोनमध्ये, “सेरा, फोनचा आवाज मोठा कर आणि त्याच्याजवळ नेऊन ठेव.”

“बर्फात?”

“बर्फात.”

( ~ )

इकडे तिनेही फोनचा आवाज मोठा केला, आणि खुर्चीवरून उतरून फरशीवर बसली. पाय एका बाजूला मुडपून, झगा गुडघ्यांखाली ओढून. फोन समोर ठेवला.

कचेरीत कुणी काही सांगितलं नाही. हिशेबाकडचा वाइसेया उभा होता, तो होता तिथेच खाली बसला. चहाची तपेली घेऊन आलेली बाई दारापाशी बसली. शाल्विनने एकदा सगळीकडे पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि तोही मांडी घालून बसला. माफी मागताना खाली बसायचं, हे फिजीत जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

फोनमधून बर्फावर पडणारे घाव ऐकू येत होते.

“पेनियासी,” ती म्हणाली. तावाले नाही म्हणाली. “मी उनाइसी. रेवाची, तुझ्या मामाच्या घरातली. आज थट्टा नाही.”

घाव चालूच.

“मी न विचारता दारात माणूस पाठवला. त्याच्या हातात काही नव्हतं, तोंडात शब्द नव्हता. तू त्याला परत पाठवलंस, बरोबर केलंस. आपलं ठरलेलंच होतं. त्याआधी एक पत्र आलं तुझ्याकडे. ते मी लिहिलं नाही, पण वाचून गप्प बसले. दोन्ही गोष्टींबद्दल मी खाली बसलेय. इथे सगळेच खाली बसलेत. तुझ्या घराचं दार आहे. उघडायचं की नाही, ते तू ठरव.”

घाव थांबले.

कुठेतरी पाणी ठिबकत होतं, लेवुकात की इथे ते कळेना. शाल्विन घड्याळाकडे बघायचं टाळत होता.

“सगळे खाली बसलेत?” पलीकडून विचारलं.

“सगळे.”

“तो साहेबही?”

“मीही बसलोय, अंकल,” शाल्विन म्हणाला.

“मांडी घालता येते का तुला?”

“येते. उठता येईल का ते माहीत नाही.”

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. सेरा असावी. पेनियासी हसला नाही. त्याने काहीतरी लोखंडी बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं, मग दार. आणि मग टाळ्या. थंडीने हात आखडले असणार. पहिली टाळी कोरडी वाजली. पुढच्या नेहमीसारख्या, खोल.

लेवुका हिरवं झालं. तापमानाचे आकडे पडद्यावर पुन्हा उमटायला लागले, मधला तुटलेला वेळ कोरा सोडून. वाइसेया तपासनिसाला बोलवायला धावला.

( + )

लोक आपापल्या जागी गेले. उनाइसी मात्र फरशीवरच बसून होती. फोन आता तिने कानाला लावला होता.

“बार्ज मिळाली,” ती म्हणाली.

“मिळणारच. नसती मिळाली तर इथल्या बायकांनी मला टूनाबरोबर गोठवला असता.” थोडं थांबून तो म्हणाला, “आता ते तुमचं आपोआपचं लावून टाक.”

“काय?”

“होकार. आपोआप देतं ना ते? लिहून टाक फाइलीत.”

“नाही. लेवुकाचं मी हातानेच ठेवणार. शाल्विनशी बोलते मी, तो ऐकेल.”

“कशाला? परवा मी दाताच्या डॉक्टरकडे होतो अर्धा दिवस. तेव्हा विनंती आली असती तर? दारात उभीच ना? ऐक, तावाले. गावात शिरताना पाहुणा एकदाच विचारतो. एकदा मुळी घेतली, टाळ्या झाल्या, की तो गावातला. मग सकाळसंध्याकाळ थोडाच विचारतो, नदीवर जाऊ का, चुलीजवळ बसू का?”

“मग मी सतरा वर्षं दर वेळी...”

“उगीच विचारत होतीस.”

“आणि तू सांगितलं नाहीस!”

“मजा यायची,” पेनियासी म्हणाला. “महिन्यातून एकदा कुणीतरी माझ्या दारात येऊन आजोबांचं नाव सांगतंय. कोण सांगेल, येऊ नकोस म्हणून? मला राग तुमच्या यंत्राचा नाही आला. या वेळी एकदाही विचारलं नाहीत, त्याचा आला. आता विचारलंस. झालं.”

तिने बसल्या बसल्याच कळपाटी मांडीवर ओढली. पत्र काहीही म्हणो, फाइलीत लेवुकाच्या नावाखाली अजून एक ओळ होती, होकार: हाताने. ती खोडून लिहिलं, होकार: आपोआप. साधनाने पाढा वाचला. एकच ओळ, ( ~ ). करू का?

“टंकू?” तिने विचारलं.

“टंक.”

तिने ‘हो’ टंकलं. लेवुका हिरवं होतं, हिरवंच राहिलं. जे काही झालं ते दिसण्याजोगं नव्हतं.

“झालं?”

“झालं.”

आजवरचं बोलणं सगळं दारातलं. दार उघडं राहिल्यावर काय बोलायचं, याची तालीम कधी झालीच नव्हती. पेनियासी खाकरला. उनाइसी फरशीवरचा कुठलासा डाग नखाने खरवडत राहिली. फोन ठेवावा, तर तो परत कोणत्या निमित्ताने उचलायचा?

“शनिवारी घरी असतोस?” तिने विचारलं.

“का? काय तुटलं आता?”

“काही तुटलं नाही. येते नुसती.”

“इथे? लेवुकाला?”

“हो.”

ती टोमण्याची वाट पाहत होती; बोटीत ओकशील, नाहीतर तुझ्या वजनाने बोट बुडेल, असलं काहीतरी. आलं नाही. पेनियासीने सेराला काहीतरी विचारलं, फोनवर हात ठेवून, आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज जरा वेगळाच होता, नवख्या माणसाशी बोलावं तसा.

“सकाळच्या बोटीने येतेस की दुपारच्या?”