आई, वास गेला का?

आचोळ्यातल्या त्या वन-बीएचकेची एकही खिडकी हल्ली उघडत नसे. लेझर मशीनवर चामडं कापलं की केस जळल्यासारखा वास सुटतो. तो समोरच्या बिऱ्हाडाच्या देवघरात शिरला आणि सोसायटीत तक्रार झाली. मशीन चालवा, पण खिडक्या लावून, असा तोडगा निघाला. तोडगा काढणारे आपापल्या बाल्कनीत वारा खात बसले आणि स्वप्ना वासासकट आत कोंडली गेली.

त्यात गंमत अशी की तिला वास येतच नव्हता. कोविडच्या तापात जे नाक गेलं ते गेलंच. मोगरा काय नि सुकट काय, तिला सारखंच. ती कापलेल्या कडांची काजळी व्हिनेगरच्या फडक्याने पुसायची, खाण्याचा सोडा घातलेल्या डब्यात माल बंद करून ठेवायची आणि मग अंदाजाने पाठवून द्यायची. असाच एक गठ्ठा नंदाखालच्या कॅथरिनबाईंकडून परत आला होता. चर्चमध्ये पहिलं कम्युनियन घेणाऱ्या मुलांसाठी प्रार्थनापुस्तकांची कव्हरं होती ती, प्रत्येकावर क्रूस आणि मुलाचं नाव कापलेलं. "काम सुरेख केलंयस गं," बाई फोनवर म्हणाल्या, "पण पोरं नाक धरून बसली. पुन्हा करून देशील?"

पुन्हा करायला स्वप्ना तयारच होती. नवरा मात्र वैतागला. "हेही परत आलं तर मशीन विकून टाकू," वेदांतने सांगून टाकलं. "आणि या वेळी अंदाज नको. मला तर घरभर तोच वास येतो, त्यात कव्हराचा वेगळा काय सांगणार? आईला विचार. तिचं नाक तिखट आहे."

तेव्हापासून सासूबाई, जयवंतीबाई, परीक्षक झाल्या. काय तो थाट! पदराला हात पुसून कव्हर दोन्ही हातांत धरायचं, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा. आणि निकाल ठरलेला. "येतो अजून. ठेव परत."

स्वप्नाने मशीनचा जोर कमी केला, एकाऐवजी दोनदा हलकेच कापून पाहिलं, सोडा बदलला, पुन्हा पुसलं. "येतो अजून." माल द्यायचा दिवस उद्यावर आला तरी येतो अजून. म्हातारी मुद्दाम अडवतेय, हे स्वप्नाच्या मनाने घेतलं आणि तिचं डोकं फिरलं. मशीन गेलं की सून पुन्हा भाजी निवडायला मोकळी, दुसरं काय!

त्या दुपारी तिने एक गंमत केली. कपाटात, खिडक्या उघड्या असायच्या तेव्हापासून पिशवीत बंद पडून असलेला कोऱ्या चामड्याचा तुकडा काढला आणि सासूच्या हातात दिला. जयवंतीबाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला.

"जळका येतो अजून."

"आई, हा मशीनखाली गेलेलाच नाही."

जयवंतीबाईंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. स्वप्ना तोंडात आलेलं सगळं बोलायच्या बेतात होती, पण सासूचा चेहरा बघून ती थांबली. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. घाबरलेल्या माणसाचा होता.

"मलाही वास येत नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझ्याबरोबरच्याच तापात गेला."

"मग इतके दिवस येतो, येतो का म्हणत होतात?"

"गेला म्हणाले असते आणि नसता गेला, तर तुझं मशीन गेलं असतं. म्हणून आपलं येतो म्हणायचं."

"पण आधीच सांगायचं ना!"

"काय सांगू? वेदांतचे बाबा गेल्यापासून मला या घरात कोण काय विचारतं? दूध नासलं का, गॅस सुटलाय का, तेवढंच विचारतात. तेही जायचं." त्यांनी स्वप्नाचं मनगट धरलं. "त्याला सांगू नकोस."

स्वप्नाला रडू आलं, आणि रागही आला, आणि कोणाचा ते कळेना. सांगायचं तरी कसं? घरात आगीचं यंत्र आणि दिवसभर दोघी बिनवासाच्या, हे कळल्यावर वेदांत उद्याची वाटही बघणार नव्हता. आजच मशीनची पिन काढली असती.

"नाही सांगत," ती म्हणाली. "पण आज तुम्ही वास गेला म्हणायचं."

वेदांत आला तेव्हा कव्हरांचा खोका टेबलावर तयार होता. बूट काढता काढता त्याने विचारलं, "काय आई, पास का?"

जयवंतीबाईंनी वरचं कव्हर उचललं, डोळे मिटले. लांब श्वास घेतला. "गेला रे. पार गेला."

वेदांत खोक्यावर वाकला. त्याने एक कव्हर नाकाशी नेलं, मग दुसरं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मला तर चांगलाच येतोय," तो म्हणाला.

जयवंतीबाईंनी हातातलं कव्हर खोक्यात ठेवलं. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि हसून कव्हर परत ठेवलं.

"आई म्हणतेय म्हणजे गेलाच असणार. माझंच नाक बिघडलंय. लाव चिकटपट्टी."

स्वप्नाने पट्टीचं टोक शोधलं आणि खोका बंद करायला घेतला.