सातव्या पडद्याचा ठिपका

"ही घासणी गंजते ना नक्की?" आत्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"छे हो बाई! डाग पडला तर पैसे परत," दुकानदार छातीठोकपणे म्हणाला. "जन्मात गंजणार नाही."

"मला गंजणारीच हवी आहे."

दुकानदाराने एकदा तिच्याकडे, एकदा घासणीकडे पाहिलं, आणि मागच्या फळीवरून सुतारकामाची साधी लोखंडी तारेची गुंडी काढून दिली.

आत्या रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. बावन्नाव्या वर्षी ती गिटार शिकायला लागली होती, आणि शिकवणारी होती तिची एकोणीस वर्षांची भाची. रविवारी दादाला, म्हणजे भाचीच्या बाबांना, साठ वर्षं पूर्ण होत होती. दोघी मिळून त्याला एक सुरावट वाजवून दाखवणार होत्या. दादाला याचा पत्ता नव्हता. त्याला एवढंच पक्कं ठाऊक होतं, की आपल्या बहिणीला सुराचा कान नाही. "हिच्या एका कानातून सूर शिरतो आणि वाट चुकून भलतीकडेच निघतो," हे तो चाळीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगत आला होता. आत्याही सगळ्यांबरोबर हसायची. हसणं तिला आता पुरे झालं होतं. सुरावटीच्या मध्यावर भाची थांबणार होती, आणि आत्याचा हात थेट सातव्या पडद्यावर, म्हणजे तारांखालच्या सातव्या आडव्या धातूपट्टीपाशी, जाऊन एकटाच एक लांब सूर धरणार होता. त्या एका सुरासाठी तिने दोन महिने बोटं घासली होती.

अडचण फक्त रूपाची होती. भाचीच्या गिटारची तारांखालची पट्टी काळीभोर, आणि आत्याच्या स्वस्तातल्या गिटारची पांढरीफटक. दोघी शेजारी बसल्या की आत्याची गिटार खेळण्यातली वाटायची.

"आजारी दिसते गं ही," नवरा म्हणाला. "लॅबमध्ये नेऊन हिमोग्लोबिन बघ एकदा."

"लोहच कमी आहे तिच्यात," आत्या गंभीरपणे म्हणाली. "देणार आहे."

आणि खरंच दिलं. तारेची गुंडी व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवली. ("या बरणीत काय मेलंय?" नवऱ्याने झाकण उघडून विचारलं आणि लगेच लावून टाकलं.) फिक्या लाकडात तुरटपणा नसतो, म्हणून आधी लाकडाला कडक काळा चहा पाजायचा. मग त्यावर ते लोखंडाचं पाणी. तुरटपणा आणि लोखंड भेटले की काळा रंग धरतो. आत्याने आधी आईस्क्रीमच्या पाच काड्यांवर करून पाहिलं. प्रत्येक काडीवर पेन्सिलने क्रमांक, वहीत वेळ. चौथी काडी पसंत पडली.

गुरुवारी सुटी घेऊन तिने तारा काढल्या, धातूच्या पडद्यांवर चिकटपट्टी लावली, लाकडावरचा चकचकीत थर बारीक पॉलिश पेपरने घासून काढला. चहा दिला, वाळवला. मग ब्रश फिरवला, आणि पट्टी बघता बघता राखाडी झाली, मग जांभळट, मग काळी. कडा फिकी राहिली तर काम अर्धवट दिसेल, म्हणून कडेवरूनही तिने नीट हात फिरवला. शेवटी तेल.

शनिवारी दुपारी तालमीला आलेली भाची दारातच थबकली. "आत्या! कसली भारी दिसतेय!"

मग तिने गिटार मांडीवर घेतली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. "पण ठिपके कुठे गेले?"

"कुठले ठिपके?"

"तिसरा, पाचवा, सातवा... बघून तू हात ठेवतेस ते."

आत्याने वाकून पट्टी निरखली. पांढऱ्या पट्टीवरचे ठिपके काळे होते. कडेवरचेही काळेच. पाच काड्या तपासल्या होत्या, पण काड्यांवर ठिपके नव्हते.

त्या तालमीत आत्याचा हात एकदा पाचव्यावर पडला, एकदा आठव्यावर. आतून नवऱ्याचा आवाज आला, "हिला लोह जास्त झालं वाटतं!"

"तुम्ही गप्प बसा हो!" दोघी एकदम ओरडल्या.

शेवटी आत्याने कडा चार वेळा स्पिरिटने पुसली आणि खोडायच्या पांढऱ्या शाईचे बारीक ठिपके दात कोरायच्या काडीने कडेवर दिले. सातव्या पडद्यापाशी जरा मोठा.

रविवारी दादा पुढच्याच खुर्चीत बसला. बहिणीच्या हातात गिटार पाहून त्याने तोंड उघडलं, पण मुलीने डोळे वटारल्यावर मिटलं. सुरुवात छान झाली. मध्य आला. भाची थांबली. आत्याने कडेकडे पाहिलं.

ठिपका नव्हता. लाकडाने आतलं तेल बाहेर सोडलं होतं आणि ठिपका तिच्या अंगठ्यावर येऊन बसला होता.

हात अंदाजाने पडला आणि सूर निघाला. किंचित उतरलेला. ते कोणी सांगायच्या आधी तिला ऐकू आलं, आणि ऐकू येताच बोट न उचलता तिने ते तारेवरून वर सरकवलं. एकच पडदा. सूर हळूच चढला आणि जागेवर जाऊन थांबला. तिने तो मनसोक्त लांबवला.

टाळ्या ओसरल्यावर दादा उठून जवळ आला. "सगळं ठीक होतं. पण ते मधलं... खालून वर सरकत आलं ना, ते फार आवडलं मला. कोणी शिकवलं?"

भाचीने आत्याकडे पाहिलं. तिने तसं काही शिकवलं नव्हतं.

"कानाने," आत्या म्हणाली आणि अंगठा मुठीत लपवला.