प्रस्तावनेत बाईंचं नाव

जुन्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश पुरा व्हायला एकतीस वर्षं लागली, आणि तेवढ्या वर्षांत कोशाच्या खोलीतला एक नियम कधी मोडला नाही. सर सांगायचे, बाई लिहायच्या. लिहिणाऱ्याने पदरचा एक शब्दही घालायचा नाही. मजकूर संपला की बाई तो वाचून दाखवत, सर विचारत, "काही राहिलं का?" आणि बाई म्हणत, "आपण सांगितलं तेवढं आलं." हे उत्तरसुद्धा सरांनीच पहिल्या आठवड्यात ठरवून दिलं होतं, कारण आधीचा लेखनिक फार शहाणपणा करायचा.

शहाणपणा पुढे कोण करत होतं, तेही सांगितलं पाहिजे. शेवटच्या दहा वर्षांत सरांची नजर इतकी गेली की समोरचा चहाचा कप ते चाचपून शोधत. जुनी पुस्तकं धुंडाळायची बाईंनी, शब्दांच्या चिठ्ठ्या काढायच्या बाईंनी, त्या खणांत लावायच्याही बाईंनीच. दुपारी त्या सापडलेलं सगळं सरांना सांगत. सर डोळे मिटून ऐकत आणि तेच बाईंना परत सांगत, "लिहा. मला असे आढळले की." बाई मुकाट्याने लिहीत, 'मला असे आढळले की'. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सवयीपुढे माणसाचं काही चालत नाही.

'इंडाइट' या क्रियापदाचंही तेच झालं. आता हा शब्द कुणी वापरत नाही. लिहिणे, रचणे, एवढ्या अर्थावर सर त्याची बोळवण करणार होते. बाई हटून बसल्या. चार महिने त्यांनी त्या शब्दाचा पिच्छा पुरवला. मूळ निघालं लॅटिनमध्ये, आणि तेही लिहिण्याचं नव्हे, बोलण्याचं. बोलण्यावरून दुसऱ्याने लिहून घ्यावं म्हणून सांगणं, त्यावरून मजकूर रचणं, आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत चक्क लिहिणं. कोर्टात आरोप ठेवण्याचा जो इंग्रजी शब्द आहे, तो याचाच सख्खा भाऊ निघाला. बाईंना रात्री झोप लागेना इतका आनंद झाला होता.

"सर, सांगणारा आणि लिहिणारा, दोघांनाही हा एकच शब्द चालत होता," त्या म्हणाल्या.

सरांनी मांडीवर थाप मारली. मग म्हणाले, "लिहा. माझ्या मते." नोंद पूर्ण झाल्यावर मात्र म्हणाले, "बाई, प्रस्तावनेत तुमचं नाव घालू."

याला पाच वर्षं झाली. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही, पण ते वाक्य उराशी धरून ठेवलं. फक्त भाचीला सांगितलं. बहिणीमागे बाईंनीच वाढवलेली ही पोर, तोंडाने फटकळ. "मावशी, आयुष्यभर दुसऱ्याचं लिहिलंस," ती म्हणाली, "तुझं नाव आलेलं पान मी काचेत घालून भिंतीवर लावणार." कोश छापायला जायची तारीख ठरली, तशी तिने भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला.

प्रस्तावना सरांनी सगळ्यात शेवटी सांगितली. आभारांचा परिच्छेद आला तेव्हा बाई सरसावून बसल्या. सरांनी ग्रंथपालांचे आभार मानले. छापखानेवाल्याचे मानले. चिठ्ठ्यांचे खण करून देणाऱ्या सुताराचे मानले, तो वारून बारा वर्षं झाली होती. वर्गणीदारांचे मानले, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचेही, ज्यांचा काडीचा उपयोग झाला नव्हता. मग ते थांबले. बाईंनी सगळं वाचून दाखवलं, नेहमीपेक्षा सावकाश.

"काही राहिलं का?" सरांनी विचारलं. त्यांचा चेहरा बाईंच्या दिशेला होता, मन लावून ऐकत असलेला, निर्मळ. ते मुद्दाम वगळत नव्हते. साफ विसरले होते.

बाईंनी तोंड उघडलं. "आपण सांगितलं तेवढं आलं," त्या म्हणाल्या.

"मग पूर्णविराम द्या," सर म्हणाले.

कागद घेऊन बाई समोरच्या छापखान्यात गेल्या. छापखानेवाल्याने टेबलाशी उभ्या उभ्या ते पान वाचलं, स्वतःच्या नावाशी हसला, पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि हसायचा थांबला.

"बाई, यात तुम्ही नाही," तो म्हणाला. त्याने पान त्यांच्याकडे फिरवलं आणि स्वतःचं पेन काढून दिलं. "अक्षर तुमचंच आहे, खाली दोन ओळींची जागाही आहे. घाला तुम्हीच. त्यांना काय दिसणार आहे? आणि दिसलं तरी ते नाही म्हणणार नाहीत."

बाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, पानावर हात टेकवला. नियम गेला खड्ड्यात, असं त्या मनाशी अगदी स्पष्ट म्हणाल्यासुद्धा. आतून यंत्राचा खडखडाट येत होता. पेन कागदापासून केसभर वर थांबलं होतं. बराच वेळ गेला आणि मग बाईंच्या लक्षात आलं की आपण वाट पाहतोय. कुणीतरी 'लिहा' म्हणेल, पुढचं वाक्य सांगेल, म्हणून त्या कान देऊन उभ्या होत्या. स्वतःबद्दलचं एक साधं वाक्य त्यांना सुचत नव्हतं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

छापखानेवाला ओशाळला. एवढ्या शिकलेल्या बाईंना आपण काय सांगणार, असं काहीतरी पुटपुटला. बाईंनी टोपण लावून पेन परत केलं आणि पान तसंच आत गेलं.

घरी भाची दारातच उभी होती. नाव कितव्या पानावर आहे, तिने विचारलं. बाईंनी चपला काढल्या आणि आत येऊन खांद्यावरची पिशवी त्या खिळ्याला अडकवली.