मजकूर वाचून दाखविला

मित्रांनो, मी एक जुनी शाईची डबी आहे. पत्र्याची, तळहाताएवढी, आत जांभळी शाई प्यालेली कापडी गादी. ज्याला सही येते, त्याला माझं काय अप्रूप? पण ज्याला येत नाही, त्याचा डावा अंगठा आधी माझ्यावर टेकतो आणि मग कागदावर. फुशारकी नाही मारत, पण नुसत्या अंगठ्यावरून मी सांगते, कोण कापूस वेचतं आणि कोण दगड फोडतं.

अमरावतीच्या रऊफमियांच्या दुकानातून मोरोपंत वकिलांनी मला अकोल्याला आणलं, ते एकोणीसशे अठ्ठावन्न साली. वकिली सोडून ते तिथल्या एका लॉ कॉलेजात शिकवत. जिन्याखालच्या खोलीवर त्यांनी पाटी लावली: 'मानवी हक्क केंद्र. सल्ला फुकट.' "फुकटच्या वकिलाजवळ कोन येते?" म्हणून लोक हसले. पण माणसं येऊ लागली, खेड्यापाड्यांतून एसटीनं येऊ लागली. त्यांचे अर्ज कॉलेजातली मुलं लिहायची.

मोरोपंतांचा नियम एकच. लिहिलेलं आधी वाचून दाखवायचं, मगच अंगठा घ्यायचा. हे त्यांनी इतकं घोकून घेतलं, की मुलांनी श्रम वाचवायला कोऱ्या अर्जांच्या तळाशी ती ओळ छापूनच घेतली: 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' सगळ्यांनाच ती युक्ती आवडली. मलाही आवडली. शंकेची पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती!

एका गुरुवारी दुपारी पार्बताबाई आली. तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातली. तिचा मुलगा चंद्रभान कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाची एक गाठ गहाळ झाली आणि पोलीस चौकीवाल्यांनी त्यालाच उचललं. खोलीत तेव्हा अर्ज लिहिणाऱ्या मुलांपैकी कमलाकांत एकटा होता. गुणी मुलगा, हुशार, पण घाईचा.

"कधी नेलं त्याले, मावशी?"

"बजाराच्या दिवशी, बाबू. सांजीले. मले भेटू बी नाई देऊन राहिले."

कमलाकांत ताठ बसला. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे घटनेत लिहिलेलं त्याला तोंडपाठ होतं. त्यानं भराभर अर्ज लिहिला. त्याच्या स्वतःच्या गावचा बाजार बुधवारी भरायचा, म्हणून त्यानं बुधवार लिहिला. मावशीच्या गावचा बाजार कोणत्या वारी, हे विचारलंच नाही. चोवीस तास झाले का, हेही मोजलं नाही.

त्यानं मला उघडलं. पार्बताबाईनं अंगठा पुढे केला आणि थांबली.

"माहा चंद्रभान असता तं सही केली असती त्यानं. चौथी शिकला. आमच्या घरात त्यालेच एकट्याले अंगठा लावा नाई लागत." मग हळूच म्हणाली, "वाचून दाखव ना, बाबू."

"मावशी, कोर्ट बंद होईन. तुमी सांगितलं तेच लिवलं मी."

तिचा अंगठा माझ्यावर टेकला. मी शाई दिली. देणं एवढंच माझं काम, पण त्या दिवशीची ती शाई मला अजून बोचते.

पुढचं मला खोलीतल्या बोलण्यातून कळलं. कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अर्ज वाचला. कागदावर अटक बुधवारी संध्याकाळची, आणि अर्ज गुरुवारी दुपारचा. चोवीस तास भरलेलेच नव्हते. अर्ज फेटाळला. चौकीला आयती संधी मिळाली. आईनंच लिहून दिलंय म्हणत त्यांनीही वहीत बुधवारच टाकला आणि प्रवासाचा वेळ चोवीस तासांत धरत नाहीत, त्या सवलतीवर शुक्रवारी कोर्ट उघडताच चंद्रभानला कायदेशीर हजर केलं. जामीन झाला. पण मधल्या त्या एका रात्रीत, आईनं तक्रार केली म्हणून, त्यांनी त्याला मारलं.

सोमवारी मायलेक खोलीत आले. मोरोपंतांनी तो फेटाळलेला अर्ज हातात घेतला आणि सावकाश, मोठ्यानं वाचला. बुधवार आला तशी पार्बताबाई ताडकन् उठली.

"बुधवार? बुधवार कोन बोललं? आमचा बजार अइतवारी रायते! माहं पोरगं चार दिस आत होतं, साहेब!"

कमलाकांत जागचा उठून उभा राहिला. मोरोपंत त्याला रागावले नाहीत. तळाच्या छापील ओळीवर बोट ठेवून त्यांनी फक्त विचारलं, "वाचून दाखवलं होतंस?"

"नाही, सर."

मग त्यानं नवी तक्रार लिहिली. एकेक ओळ दोनदा वाचली. मायलेक ऐकत होते. "हाव, बरोबर हाये," पार्बताबाई प्रत्येक ओळीला म्हणत होती. शेवटी कमलाकांतनं टाक पुढे केला. "चंद्रभान, इथं सही कर."

चंद्रभाननं उपरण्याखालून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. हाताला फळी बांधलेली, बोटं सुजून काळीनिळी. डाव्या हातानं त्यानं मलाच जवळ ओढलं आणि अंगठा टेकवला. पार्बताबाईनं तोंड फिरवलं. ज्याला माझी गरज कधी पडणार नव्हती, त्याचा अंगठा तो!

त्या तक्रारीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. कागद जातात, मी टेबलावरच राहते. तळाची ओळ मात्र त्याच दिवशी छापायची बंद झाली. वाचून झाल्यावर ती हातानं लिहायची, असं ठरलं. आता माझी गादी वाळली आहे, झाकणाला गंज चढला आहे. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, तुम्ही शिकाल, दुसऱ्यांचे अर्ज लिहाल. समोर कुणी अंगठा पुढे करून "वाचून दाखव ना" म्हणालं, तर तेवढं थांबा. कोर्ट बंद झालं तर उद्या उघडतं.