हातातली एक

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मोठ्या बाईंनी दुसरीच्या वर्गात डोकं घातलं आणि म्हणाल्या, "बाई आजही यायच्या नाहीत. तू बघ हं." एवढं बोलून मुख्याध्यापिका दार ओढून गेल्याही. ताईचं उत्तर ऐकायला काही थांबल्या नाहीत.

ताई म्हणजे वर्गातली मदतनीस. कागद कापायचे, पेन्सिलींना टोक काढायचं, रडणाऱ्याचं तोंड धुऊन आणायचं, मागे पडलेल्या पोराशेजारी बसून अक्षर गिरवून घ्यायचं. चार वर्षं ती हे करत होती आणि त्यात तिला तोड नव्हती. शिकवायचं ते बाईंनी. पण बाईंची पाठ धरली ती सुटेना, बदली शिक्षिका मिळेना, आणि 'आजच्या दिवस बघ' असं म्हणता म्हणता हा चौदावा दिवस उजाडला होता. शेजारी तिसरीच्या वर्गावरही मदतनीसच होती. वयाने मोठी, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. मावशी म्हणायची, आपण स्टेपनी गं, चाक पंक्चर झालं की आठवण. पण स्टेपनीवर माणसं गॅरेजपर्यंत जातात, इथे लेकाचे जगप्रवासाला निघालेत.

ताई हसायची. पण घरी भाजी चिरताना तिचे ओठ हलत असायचे. नवऱ्याने एकदा विचारलं, काय पुटपुटतेस? तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण मुलं मोजतोय. गणित चुकीचं शिकवलं तर उद्या पुसता येतं, त्याची तिला भीती नव्हती. भीती होती ती सव्वीस जिवांची. कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला धावलं की दम लागतो, कोणाला बापाच्या ताब्यात द्यायचं नाही, हे सगळं बाईंच्या डोक्यात होतं. कागदावर त्यातलं अर्धंही नव्हतं.

आज बुधवार, म्हणजे वाचनालयाचा दिवस. शाळेत पुस्तकांची खोली नाही, म्हणून दुसरीची मुलं दर बुधवारी दोन गल्ल्या आणि एक मोठा रस्ता ओलांडून सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात जात. पद्धत ठरलेली. पुढे बाई, मध्ये ओळ, सगळ्यांत मागे ताई. आणि ताईचा हात धरून मुंगी.

मुंगी हे बाईंनीच ठेवलेलं नाव. वर्गातली सगळ्यांत लहान चणीची पोरगी. दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलणार. पाठीमागे कोणी चाललेलं तिला खपत नसे, म्हणून तिची जागा कायम शेवटची. कुठल्याही खोलीतून सगळे बाहेर पडले की मुंगीने दिवा बंद करायचा, मग ताईने दार ओढायचं, मग हातात हात. बाई पुढून सव्वीस मोजायच्या. ताई मागून समोरची डोकी मोजायची, पंचवीस, आणि हातातली एक, सव्वीस. हातातलीकडे बघावं लागत नसे. ती हाताला कळायची.

बाई नसल्यापासून ही फेरी बंदच होती; आज जायचं तर सोबत कोणीतरी मोठं माणूस द्या, असं ताईने सकाळीच सांगितलं होतं. ऑफिसातली क्लार्क फाटकापर्यंत आलीही, पण तेवढ्यात तिला फोन आला. तुम्ही व्हा पुढे, मी आलेच, म्हणाली आणि आत पळाली. ताई दहा मिनिटं थांबली. परत फिरावं का? परत फिरलं तर मोठ्या बाई बोलणार नाहीत, नुसत्या बघतील, आणि ते बघणं बोलण्याहून वाईट. शेवटी ती स्वतः पुढे झाली. मुंगीला म्हणाली, मागे पोरं असली तरी आज तू माझ्या मागोमाग, पिशवीचा बंद धरून चाल. मोठ्या रस्त्यावर पट्ट्यांच्या मधोमध बुजगावण्यासारखे दोन्ही हात पसरून उभी राहिली, आणि शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत तिने ते खाली घेतले नाहीत.

जाताना सगळं सुरळीत झालं. माशी शिंकली ती निघताना. एका मुलाच्या नाकातून रक्त यायला लागलं. इतरांनी गिल्ला केला, दोघी रडायला लागल्या. ताईने उजव्या हाताने त्याच्या नाकाला रुमाल लावला, डाव्या हाताने त्याचा हात धरला, त्याला आपल्याजवळ ओळीत पहिला उभा केला आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना मोजलं. शेवटापासून सुरुवात केली आणि त्या मुलावर येऊन थांबली. पंचवीस. आणि हातातली एक, सव्वीस. चला.

शाळेत परत आल्यावर तिने वह्या वाटल्या. वाटून झाल्या तरी एक वही हातात उरली.

वहीवर मुंगीचं नाव होतं. मुंगीच्या खुर्चीवर नुसता स्वेटर लटकत होता.

ताईने पुन्हा मोजलं. पंचवीस. स्वच्छतागृहात डोकावून आली, बाकांखाली वाकून पाहिलं, कपाटामागे पाहिलं. आणि मग एकदम तिला आपला डावा हात आठवला. त्यात कोणाचा हात होता? त्या मुलाचा. त्याला तर ओळीतही धरला होता. एकच पोर तिने दोनदा मोजलं होतं.

मोठा रस्ता, वळणावरून भरधाव येणारे ट्रक, आणि एवढीशी पोर. धावत सुटावं तर इथे पंचवीस मुलं, त्यांना एकटं सोडायचं नाही हा पहिला नियम. फोन करावा तर फोन ऑफिसातल्या कप्प्यात, हा दुसरा नियम. तिने मधलं दार उघडलं. मावशी फळ्यावर पाढा लिहीत होती, समोर एकतीस मुलं.

"मुंगी वाचनालयात राहिली," ताई म्हणाली.

मावशीने खडू खाली ठेवला. एरवी शब्दाला शब्द लावणारी बाई, एक शब्द जास्त बोलली नाही. "जा. दोन्ही दारं उघडी ठेवते. ऑफिसात कळवू?"

ताई एक क्षण गप्प राहिली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या क्षणाची लाज वाटत राहिली. 'नको' हा शब्द अगदी ओठावर आला होता. दहा मिनिटांत घेऊन येते, कोणाला काय कळतंय. नोकरी राहील, नाव राहील. आणि दहा मिनिटांत नाही सापडली तर?

"कळव," ती म्हणाली आणि धावली.

मोठ्या रस्त्याच्या पट्ट्यांजवळ एक टेम्पो आडवा उभा होता आणि चार माणसं वाकून खाली बघत होती. ताईचे पाय तिथेच रुतले. कोणीतरी म्हणालं, बाजूला व्हा हो बाई. तिने मान पुढे करून पाहिलं. रस्त्यावर टोमॅटो सांडले होते, नुसते टोमॅटो. तिला रडू फुटलं, आणि तशीच ती पुढे पळाली.

वाचनालयात ग्रंथपाल डबा उघडून बसले होते. बालविभागाला कुलूप होतं. सगळे गेले की मघाशीच, ते म्हणाले, दिवा बंद दिसला म्हणून मी कुलूप लावलं. मुलगी बाहेर आली असती तर मला दिसली असती. मग आतून काही आवाज? ताईने विचारलं. नाही बुवा.

दिवा बंद. ताईने किल्लीसाठी हात पुढे केला, तसे ग्रंथपालच उठले.

दार उघडलं. आत काळोख होता, पडदे ओढलेले. दाराशेजारी, दिव्याच्या बटणाखाली, मुंगी भिंतीला चिकटून उभी होती. रडत नव्हती. उजवा हात खांद्याच्या उंचीला वर धरलेला, कोणीतरी तो धरणार आहे असा. पायमोजे ओले झालेले, पायाखाली लहानसं थारोळं.

"दिवा मी बंद केला," ती म्हणाली. "तू शेवटी येतेस ना. म्हणून थांबले."

ताईने तिला उचलून घेतलं. सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेत नाहीत, तरी शाळेच्या फाटकापर्यंत तिने तिला खाली ठेवलं नाही.

मोठ्या बाई फाटकातच उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. मुंगीला सुके कपडे दे म्हणाल्या, मग ताईला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात बोलल्या. सापडली ना? मग आता बोभाटा नको. तिच्या आईशी मी बोलेन, जरा निवांत झालं की. या दिवसांत वर्गावर उभं करायला माणूस नाही गं माझ्याकडे. उद्याही दुसरी तुझ्याकडेच.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. काढून टाकलं असतं तरी. निदान कोणीतरी घाबरलंय हे तरी कळलं असतं.

शाळा सुटल्यावर मुंगीची आई नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी फाटकाशी आली होती. ती रोज एकच प्रश्न विचारायची, आज कशी होती? आणि ताई रोज म्हणायची, छान. आज आईची नजर आधी मुलीच्या पायांकडे गेली. शाळेचे राखीव मोजे होते, दोन मापं मोठे. ऑफिसच्या खिडकीत मोठ्या बाई दिसत होत्या.

"आज कशी होती?"

ताईने सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. नाकातलं रक्त, दोनदा मोजलेलं पोर, कुलूप, काळोख. आईचा चेहरा पांढराफटक पडत गेला.

"किती वेळ?" तिने शेवटी विचारलं.

"पस्तीस मिनिटं. त्यातली बरीचशी मला कळायच्या आधीची."

आईने मुंगीला जवळ ओढलं. पाठीमागे इतर आया आपापली मुलं घेऊन निघाल्या होत्या. कोणीतरी हसत होतं, कोणाची तरी बाटली राहिली होती. ताईला शिव्या द्याव्यात की तिचे आभार मानावेत, हे आईचं आईलाच उमगत नसावं.

"उद्या वर्गावर कोण आहे?"

ताईने खिडकीकडे पाहिलं नाही.

"मीच," ती म्हणाली. "एकटीच."