चवताईची रजा

तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर करणाऱ्या त्या कारखान्यात चवताईच्या जिभेचा दरारा मालकापेक्षा मोठा होता. कोमट पाण्यात कालवलेली चमचाभर पावडर ती तोंडात घ्यायची, टाळ्याला लावायची, डोळे मिटायची आणि निकाल सांगायची. एकदा अशीच डोळे मिटून म्हणाली, "यातली एक गाय माहेरच्या आठवणीनं झुरतेय." साहेब लोक खो खो हसले. चौकशी केली तर गोठ्यात खरंच एक नवी गाय विकत आणलेली, आणि ती चाऱ्याला तोंड लावेना. त्यानंतर कुणी हसलं नाही. यंत्रंही होती, नाही कशाला म्हणायचं. पण पावडर खवट झाल्याचं यंत्राला कळेपर्यंत अर्ध्या शहराची बाळं रडून झोपलेली असायची.

म्हणून तिथं रिवाज असा, की एक जीभ आणि एक नाक. जीभ चवताईची, नाक नाककाकांचं. काका फाटकातून आत यायचे ते कुणाच्या घरी भाजी करपली आणि कुणाच्या घरी भांडण झालं ते सांगतच. दोघांनी मान हलवली की बॅच गोदामात जायची आणि तिथून ट्रकमध्ये. एकाची जरी मान अडली, तरी सगळा माल परत.

अशी ही जीभ पाचव्या महिन्यात फितूर झाली.

आधी वाटलं, डोहाळे असतील. मग लिंबू हुंगलं, चोखलं, दोन्ही गोड. डॉक्टरबाईंनी दिलेली गोळी चघळली, ती गोड. सासूबाईंचे टोमणेसुद्धा गोड लागायला लागले, तेव्हा तिची खात्री पटली की प्रकरण गंभीर आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "होतं असं एखादीला. मोकळी झालीस की येईल जागेवर."

तोवर काय करायचं, ते डॉक्टरबाईंना कोण विचारणार? कारखान्याचा नियम दगडासारखा होता. बाळंतपणाची रजा साडेचार महिने. हवी तेव्हा सुरू करा, पण आधी खर्चलेली नंतर मागायची नाही. आणि चाखणारीला चाखता येईनासं झालं, तर दुसरं काम मिळणार नाही, त्याच दिवसापासून रजा धरायची. चवताईनं मनाशी पक्कं ठरवलं होतं: कळा येईपर्यंत चमचा सोडायचा नाही. सगळी रजा बाळाच्या वाट्याला.

तिनं जावेचे हाल पाहिले होते ना! जाऊ शिवणकामाच्या कारखान्यात. पोटात दुखतंय म्हणून तिला बाळंतपणाच्या कितीतरी आधीच झोपवून ठेवलं, आणि रजा अशी संपली की दीड महिन्याचं पोर टाकून बिचारी मशीनवर जाऊन बसली. दुपारी दूध दाटून यायचं, ब्लाउज भिजायचा, आणि ती शिवण उसवल्याचं निमित्त करून न्हाणीघरात जाऊन रडायची. पोर घरी सासूबाईंच्या मांडीवर, बाटलीला तोंड लावून.

म्हणून चवताईनं जीभ गेल्याचं कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. चमचा तोंडात घ्यायची, डोळे मिटायची, आणि पापण्यांच्या फटीतून काकांकडे बघायची. काकांनी डबा नाकाशी धरला, क्षणभर थांबले आणि मान हलवली, की हिनंही हलवायची. एक मान खरी असली म्हणजे झालं, असं ती स्वतःला समजवायची. काका हल्ली जरा जास्तच थांबतात, हे तिला दिसायचं. वय झालं, दुसरं काय.

चाखायला फोडलेला डबा चाखणाऱ्यानं घरी न्यायचा, अशीही तिथली पद्धत. सहावा महिना सरत आला होता, त्या शनिवारी तिनं तसा एक डबा जावेच्या पोरासाठी नेला.

रविवारी दुपारी सगळी घरीच होती. जावेनं बाटली भरली, पोराच्या तोंडाला लावली. पोरानं एक घोट घेतला आणि असं तोंड केलं, असं तोंड केलं, की जणू सावकाराला जावई करून घेतलंय. फुर्रकन सगळं आईच्या अंगावर.

"दात येत असतील," जाऊ म्हणाली.

"दात बिचारे काय करतील?" सासूबाईंनी डबा नाकाशी नेला आणि पदर तोंडाला लावला. "अगं, हे खवट झालंय! जुन्या तेलाच्या बुधल्यासारखा वास येतोय. तुझ्या कारखान्यात सगळ्यांना पडसं झालंय का काय?"

चवताईनं बोट बुडवून चाटलं. गोड. लाडवासारखं गोड. तिनं डबा उलटा करून बॅचचा आकडा पाहिला.

ही बॅच कालच दोन माना हलून गोदामात गेली होती. सोमवारी सकाळी ट्रक सुटणार होते.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत माणूस, कुठलंही मशीन उघडण्याआधी त्याला कुरवाळणारा. त्यानं बराच वेळ कठड्यावर बोटं वाजवली.

"खवट म्हणजे काही विष नव्हे," तो हळूच म्हणाला. "पोट बिघडेल एखाद्याचं. दुकानदार परत पाठवतील. तुझं नाव कशाला येतंय?"

"लिफ्टचा दोर थोडासाच विरलेला दिसला, तर तुम्ही काय म्हणता? चालेल अजून?"

"माझ्या लिफ्टमध्ये माणसं असतात."

"आणि माझ्या डब्यातलं कोण पितं?"

नवऱ्यानं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "म्हणजे रजा संपेल तेव्हा आपलंही दीड महिन्याचंच असेल."

"हो."

"आणि बाटलीवर."

"हो म्हटलं ना!" ती ओरडली, आणि लगेच पोटावर हात ठेवला, जणू आतल्यानं ऐकू नये.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली. ट्रक गोदामाला पाठ लावून उभे होते, ड्रायव्हर टपावर बसून दात घासत होते. काका चाखायच्या खोलीत चमचे पुसत होते.

"काका, शनिवारची बॅच खवट आहे."

काकांच्या हातातला चमचा खाली पडला. "कशावरून?"

"घरी बाळानं थुंकली. काका, माझी जीभ मेलीय. पाचव्या महिन्यापासून. मी तुमच्या तोंडाकडे बघून मान हलवत होते. पण तुम्हाला वास कसा नाही आला?"

काका खाली बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "पोरी, थंडीत मला ताप आला होता ना? तेव्हापासून नाक बंद आहे. फुलाचाही वास येत नाही, फिनेलचाही नाही. नाक गेलेल्या माणसाला कोण ठेवून घेतंय? म्हटलं, हिची जीभ आहे तोवर काळजी नाही. तुझी मान हलल्यासारखी वाटली की मी हलवायचो."

"मी तर तुमची वाट बघायचे!"

"म्हणून तर इतका वेळ लागायचा," काका म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. तिलाही आलं. दोघं पोट धरून हसली आणि हसता हसता एकदम थांबली, कारण दोघांच्याही डोक्यात एकच हिशोब सुरू झाला होता. जीभ गेल्यापासून किती बॅचा गेल्या?

"माझं नाव नको घेऊस," काका कुजबुजले. "निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत माझ्या."

"तुमचं तुम्ही बघा, काका. मी माझं सांगते."

मॅनेजरबाईंनी ऐकून घेतलं. आधी ट्रक थांबवायला माणूस पळवला, मग चवताईकडे वळल्या. "मी शेवटच्या दिवसापर्यंत या खुर्चीत बसले होते. कळा सुरू झाल्या तेव्हा सही करत होते."

"खुर्चीला चव लागत नाही, बाई."

मॅनेजरबाईंचा चेहरा कडक झाला, मग सैलावला. "आधीच्या बॅचांचं काय?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे?"

"म्हणजे चांगल्या असतील. नसतीलही. मला सगळ्या सारख्याच लागल्या."

बाईंनी कपाळावर हात मारला. बाहेर ड्रायव्हर शिव्या देत खोकी उतरवत होते. "रजा कधीपासून धरू?" बाईंनी विचारलं.

"जीभ कधीचीच रजेवर गेलीय. माझी आजपासून धरा."

दाराशी काका उभे होते. हातात पुसलेले चमचे. ते आत येत होते की जात होते, ते कळत नव्हतं. चवताई त्यांना वळसा घालून बाहेर पडली.

अशा भर सकाळी ती कित्येक वर्षांत रस्त्यावर आली नव्हती. उन्हात वाळत टाकलेल्या चादरी, शाळेत न गेलेली पोरं, सगळं परक्या गावासारखं. कोपऱ्यावरच्या दुकानात कारखान्याचे डबे उतरंडीसारखे रचले होते. मागच्या महिन्यातले, त्याच्या मागच्या महिन्यातले. कडेवर तान्हं घेतलेली एक बाई डबा उचलून पैसे देत होती.

"अहो ताई," चवताई म्हणाली. "बाळ पितं का हे नीट?"

"पितं की. का हो?"

"फोडून जरा वास बघता का?"

"आता? इथं?"

"बघा ना."

त्या बाईनं तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि अशा बाईचा हट्ट मोडू नये म्हणून की काय, झाकण काढून नाक आत घातलं. चवताई श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चांगलं आहे हो. दुधासारखा येतोय."

"नक्की? तुम्हाला सर्दीबिर्दी नाही ना?"

"काय बाई तरी!" हसत हसत ती बाई गेली.

"ओ ताई, गिऱ्हाईक घाबरवताय का?" दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला. "काही घ्यायचंय, की नुसतंच उभं राहायचंय?"

चवताईनं डब्यांच्या त्या उतरंडीकडे पाहिलं. एक स्टूल ओढलं आणि पोट सांभाळत त्यावर बसली. "बसते जरा," ती म्हणाली. "रजेवर आहे मी." आणि पुढच्या तान्हुल्याची वाट बघत रस्त्याकडे डोळे लावले.