डेझबाचं पहिलं हसू

तीन महिन्यांच्या डेझबाला कडेवर घेऊन मी ओडेसाबाईंच्या खोलीत गेले. घराण्यात पहिल्यांदाच पीएचडीला आलेल्या आमच्यासारख्यांना टिकवून धरणं, हे विद्यापीठात त्यांचं काम. त्यांच्यापुढे मी पीएचडी सोडण्याचा अर्ज ठेवला. अमेरिकेतल्या आमच्या नवाहो आदिवासी गावांकडे जुन्या खाणींमुळे विहिरींत उतरलेलं युरेनियम मोजायचं, हे माझं संशोधन; त्याचा कंटाळा नव्हता आला. पण दूध, लंगोट, प्रयोगशाळा आणि पुन्हा दूध, यात मी उरलेच नव्हते.

"सही करा बाई. वाद घालायचं त्राण नाही."

"माझ्यात तरी कुठंय? आण ती पोर इकडे. चष्मा कुठे गेला माझा?"

चष्मा डोक्यावरच होता. डेझबाला घ्यायला त्या वाकल्या तसा तो घसरून नाकावर आपटला, आणि डेझबा खदखदून हसली. आयुष्यात पहिल्यांदा.

मी खुर्ची ओढून बसले. "बाई, आता जेवण तुम्हीच घालायचं!"

"कसलं जेवण?"

"आमच्या नवाहो लोकांत बाळाला पहिल्यांदा जो हसवतो, तो सगळ्यांना जेवू घालतो. बाळाच्या हातून प्रत्येकाला खडेमीठ देतो. म्हणजे बाळ मोठेपणी देत्या हाताचं होतं."

"अगं, मला साधा भात जमत नाही! सगळे म्हणजे कोण?"

"आई, मावश्या... प्रयोगशाळेतलेही."

"मग आधी जेवण. सहीला हात मोकळे नाहीत माझे."

बसल्याबसल्याच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा डेझबा त्यांच्या खांद्यावर झोपली होती. माझ्या अर्जाच्या पाठीवर बाईंनी लिहिलं होतं: मटण, मका, खडेमीठ. माणसं किती?

मी पेन घेतलं आणि लिहिलं, चाळीस.